एल्फिन्स्टन सर्कलचं जुनं पोस्टकार्ड आणि त्यावरचा शाईचा डाग

माजघर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आत्याचं राजापूरकडचं घर आवरायला गेले होते. माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत सारा भरल्याच्या पावत्या, दोन जन्मपत्रिका, सुंभाने बांधलेला पंचांगांचा गठ्ठा आणि त्या गठ्ठ्याच्या मधोमध हे पोस्टकार्ड. पंचांगांखाली दबून राहिल्यामुळे अजून ताठ आहे, फक्त एका कोपऱ्याला घडी पडली आहे.

चित्राच्या बाजूला इंग्रजीत 'एल्फिन्स्टन सर्कल, बॉम्बे' एवढंच छापलंय. मधोमध लांबवर खांबांची पांढरी इमारत आणि तिच्या रुंद पायऱ्या. उजव्या हाताला गोलाईत वळत गेलेली उंच इमारत, खाली कमानींची रांग. डावीकडे लोखंडी कठडा आणि आत लहान लहान झाडं. रस्त्यावर ही गर्दी! दोन व्हिक्टोरिया घोडागाड्या, गासड्या लादलेला बैलांचा खटारा, डोक्यावर ओझं घेतलेली माणसं, छत्र्या, पागोटी. सगळं रंगीत आहे, पण आपल्या नेहमीच्या फोटोसारखं नाही, वरून रंग भरल्यासारखं.

मागच्या बाजूला उजवीकडे पत्ता बाळबोधीत, म्हणून तेवढा वाचता आला. पत्ता माझ्या खापरपणजीच्या नावचा आहे, म्हणजे पाठवणारे माझे पणजोबा असणार. ते तरुणपणी मुंबईला 'फोर्टात' कारकून होते एवढंच घरात सगळ्यांना माहीत. कुठल्या पेढीत, कुठल्या हपिसात, हे सांगू शकणारं आता कोणी उरलं नाही. डावीकडचा मजकूर मोडीत आहे. तिकीट राखाडी रंगाचं, दाढीवाल्या राजाचं, तीन पैंचं. शिक्का पुसट झालाय, 'बॉम्बे' लागतं, तारीख लागत नाही.

ही जागा नक्की कुठली, कार्ड कोणत्या साली आलं असेल आणि मजकूर कोणी वाचून देईल का? आणखी एक. चित्रात उजवीकडच्या इमारतीवर, वरच्या मजल्याच्या एका खिडकीवर शाईचा छोटा डाग पडलाय. तो काढायचा काही उपाय आहे का? बाकी कार्ड इतकं सुंदर आहे की तो डाग डोळ्यांना खुपतो.

फोटो जोडते आहे.

—

शिवडीकर

डागाला हात लावू नका! पाणी नको, खोडरबर नको, काही नको. आधी हे लिहितो, बाकीचं जेवण झाल्यावर.

—

शिवडीकर

आता सविस्तर. हे आजचं हॉर्निमन सर्कल. खांबांची इमारत म्हणजे टाऊन हॉल, जिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. कर्नल थॉमस कूपरने आखलेली ही इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. त्या पायऱ्या तीस आहेत, माझ्या मुलीने लहानपणी मोजल्या होत्या.

हे सर्कल व्हायच्या आधी तिथे नुसतं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. कापसाच्या गासड्या तिथेच रचायच्या, तिथेच सौदे व्हायचे. कापसाने सगळं मैदान व्यापून टाकलं तेव्हा १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला आणि पुढे तिथून आमच्या शिवडीकडे. आमच्या स्टेशनचं नाव कॉटन ग्रीन का, तिथे हिरवं काय आहे, असं मला लोक विचारतात. ते 'ग्रीन' कापसाबरोबर फोर्टातून इथवर आलंय.

मैदान मोकळं झाल्यावर तिथे कचरा साठायला लागला. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेटने सुचवलं की गोल बाग करा आणि भोवती एकसारख्या इमारती बांधा. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने ते उचलून धरलं, त्याच्यामागून आलेल्या बार्टल फ्रियरने तडीला नेलं, आणि १८७२ पर्यंत सर्कल पुरं झालं. भूखंड विकत घेतले ते व्यापारी कंपन्यांनी. किल्ल्याचे तट पाडले तेही याच १८६० च्या दशकात. तट गेले आणि 'फोर्ट' हे नाव तेवढं राहिलं.

चित्र पश्चिमेकडून, म्हणजे सेंट थॉमस कथीड्रलच्या बाजूने घेतलंय. टाऊन हॉलचं तोंड पश्चिमेला आणि कार्डात त्याचे खांब उन्हाने पांढरेफटक दिसतात. माणसांच्या सावल्याही आपल्यापासून दूर, टाऊन हॉलकडे पडल्यात. म्हणजे फोटो दुपार टळल्यावरचा. हपिसं सुटायची वेळ नसेल, पण उन्हं कलली होती हे नक्की.

—

रुपेरी_वाळू

वा! वाचनखूण साठवली आहे.

—

बंदरपाखाडी

त्या पायऱ्यांसमोर घोळका करून उभे आहेत ते शेअरदलाल असणार. टाऊन हॉलसमोरच्या वडाखालीच मुंबईचा शेअरबाजार सुरू झाला हे प्रसिद्ध आहे. म्हणजे माजघरताई, तुमच्या कार्डावर चक्क शेअरबाजाराचा जन्म आहे!

—

पासबुक

बंदरपाखाडी, वडाचं खरं आहे, काळ जुळत नाही. मी तीस वर्षं फोर्टात बँकेत काढली, रोज हॉर्निमनवरून चालत गेलो, म्हणून जरा लांबण लावतो.

वडाखाली दलाल जमायचे ते १८५० च्या दशकात, मोजके वीस-बावीस लोक. मग आली अमेरिकेतली यादवी. १८६१ पासून अमेरिकेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो पैसा कुठे ओतायचा म्हणून बँका आणि कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. या सगळ्याच्या केंद्रस्थानी त्या वेळचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस ठरला होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणं देऊ शकणारा माणूस शोधावा लागत होता. बँक ऑफ बॉम्बे, जी १८४० पासूनची, सरकारचा हिस्सा असलेली, तीसुद्धा या लाटेत बुडाली आणि १८६८ मध्ये गुंडाळली. त्याच साली त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. ती १९२१ मध्ये बंगाल आणि मद्रासच्या बँकांबरोबर इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ मध्ये इम्पीरियलची स्टेट बँक झाली.

म्हणजे हे सर्कल बांधलं गेलं ते ऐन तेजी-मंदीच्या धामधुमीत. भूखंड विकले गेले तेव्हाचे खिसे आणि इमारती पुऱ्या झाल्या तेव्हाचे खिसे यांत केवढा फरक पडला असेल! राजाबाई टॉवरला पैसे दिले ते याच प्रेमचंदांनी. ते स्वतः बुडाले, पण १८७८ मध्ये टॉवर पुरा झाला.

दलालांचं म्हणाल तर गर्दी वाढेल तशी त्यांना जागा बदलावी लागली आणि १८७४ च्या सुमारास ते जिथे स्थिरावले तो आजचा दलाल स्ट्रीट. १८७५ मध्ये ३१८ जणांनी संघटना केली, प्रवेश फी एक रुपया. कार्ड विसाव्या शतकातलं असेल तर तोवर दलालांना वडाखालून जाऊन एक पिढी उलटली होती. पायऱ्यांसमोरचे ते लोक दुसरेच कोणी असणार.

—

बंदरपाखाडी

पटलं. माहितीबद्दल धन्यवाद, पासबुककाका. घोळका बघून मोह झाला.

—

तिकीटघर

आता माझ्या प्रांतात येतो. राजा सातवा एडवर्ड. त्याची भारतीय तिकिटं १९०२ पासून. राखाडी तीन पैंचं तिकीट म्हणजे पाव आणा, आणि पाव आणा हा देशातल्या देशात पोस्टकार्डाचा दर. १८७९ मध्ये आपल्याकडे पोस्टकार्ड आलं तेव्हापासून हाच दर होता, तो १९२२ मध्ये अर्धा आणा झाला. म्हणजे १९०२ च्या आधीचं नाही आणि १९२२ च्या नंतरचं नाही.

पाठीमागे मधोमध उभी रेघ आहे, एका बाजूला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला पत्ता. सुरुवातीच्या चित्रकार्डांना ही रेघ नसे. मागे फक्त पत्ता, आणि जे काय लिहायचं ते चित्राच्या कडेच्या कोऱ्या पट्टीत. ब्रिटनने १९०२ मध्ये दुभंग पाठ चालू केली, जागतिक टपाल संघाने १९०६ च्या रोम परिषदेत तिला मान्यता दिली. एडवर्ड वारला मे १९१० मध्ये. माझा अंदाज १९०६ ते १९१०.

—

निळी शाई

सुंदर कार्ड. पाठीवर खाली बारीक अक्षरात 'प्रिंटेड इन सॅक्सनी' दिसतंय. त्या काळी जगातली निम्मी सुंदर चित्रकार्डं जर्मनीत छापली जात असं जुने छपाईवाले म्हणायचे. आकडा सोडा, पण जर्मन छापखान्यांचा हात कोणी धरत नव्हतं हे खरं. मुंबईतल्या फोटोग्राफरने काळापांढरा फोटो पाठवायचा, सोबत रंगांची टिपणं द्यायची, आणि तिकडचा कारागीर रंगांचे दगड किंवा ठसे करायचा. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर हा व्यवहार थांबला.

भिंग लावून बघा. रंगाचे ठिपके ओळीत शिस्तीत दिसले तर हाफटोन, म्हणजे ठिपक्यांची छपाई. काळ्या भागात सुरकुतल्या सायीसारखी बारीक नक्षी दिसली तर कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली छपाई.

याचा अर्थ असा की कार्डावरचा आकार खरा, रंगाची हमी नाही. तुमच्या चित्रात जवळपास सगळी पागोटी लाल आहेत. रंग भरणाऱ्याने मुंबई बघितलेली नसणार. शिवाय एकसारखा लाल ठसा मारणं सोपं.

—

माजघर

भिंगातून पाहिलं! सायीसारखीच नक्षी आहे, ठिपके नाहीत. म्हणजे कोलोटाइप का? आणि एक गंमत दिसली. जी माणसं थांबून कॅमेऱ्याकडे बघताहेत त्यांचे चेहरे अगदी लख्ख आहेत, पण चालणाऱ्यांचे पाय धुरकट. व्हिक्टोरियाच्या चाकाचे आरे तर दिसतच नाहीत, नुसती करडी तबकडी.

—

निळी शाई

हो, कोलोटाइप, आणि त्यावर रंग. तो धुरकटपणा फार मोलाचा. कितीतरी छापखाने पुसट माणसं रंगाखाली झाकून टाकत किंवा नव्याने काढत. तुमच्यात ती राहिली आहेत.

—

आजोळघर

ट्रामची तार दिसत नाही. विजेची ट्राम मुंबईत मे १९०७ मध्ये आली, म्हणजे फोटो त्याआधीचा असं म्हणता येईल का?

—

निळी शाई

नाही म्हणता येणार. एक तर प्रत्येक रस्त्यावर ट्राम नव्हती. दुसरं, तारा आणि खांब चित्रातून खरवडून काढायची सर्रास पद्धत होती, चित्र मोकळं दिसावं म्हणून. दिसलेली तार हा पुरावा होतो, न दिसलेली होत नाही.

—

प्रभूआळी

पागोट्यांवरून बोलायला मला राहवत नाही. निळी शाई म्हणतात तसा रंग सोडून द्या, नुसते आकार बघा. उजवीकडच्या व्हिक्टोरियात बसलेल्या गृहस्थांच्या डोक्यावर उंच, चकचकीत, मागे कललेली पगडी आहे, ते पारशी शेटजी. कमानीखाली दोघे आहेत त्यातल्या एकाची पगडी शिरस्त्राणासारखी वर निमुळती, तो भाटिया व्यापारी, कापसातला असण्याची शक्यता दाट. त्याच्या शेजारचा छत्रीवाला आमच्यापैकी, पाठारे प्रभू पगडी. फोर्टातल्या सरकारी आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत आमच्या समाजाची पुष्कळ माणसं कारकुनी करत. माझ्या आजोबांची पगडी मी पुठ्ठ्याच्या पेटीत जपून ठेवली आहे, तिच्या पुढच्या चुण्या तश्शाच आहेत.

खटाऱ्यापाशी मुंडासं गुंडाळलेले हमाल, ते बहुतेक घाटावरचे. आणि पायऱ्यांकडे चाललेला छातीवर आडवा पट्टा घातलेला माणूस दिसला का? तो पट्टेवाला. पट्ट्यावर पितळी बिल्ला असायचा, त्यावर हपिसाचं नाव. कार्डात तो बिल्ला टाचणीच्या डोक्याएवढा आहे आणि कारागिराने त्याला आठवणीने पिवळा ठिपका दिलाय.

—

माजघर

बिल्ला दिसला! मी इतक्या वेळा कार्ड पाहिलं, पण तो पिवळा ठिपका मला धूळ वाटली होती.

—

सखुबाई_जुन्नर

ताई, विकायचा विचार असेल तर अशा कार्डांना हल्ली बरी किंमत येते.

—

माजघर

नाही हो, विकायचं नाहीच. घरातच राहील.

—

बोरूटाक

मोडीवाला आलोय, उशिराबद्दल माफी. हात वळणदार आहे, कारकुनाचा सराईत हात. सलग ओळ, मध्येच टाक शाईत बुडवल्यावर अक्षर ठळक होतं. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नसतं, म्हणून खालचं लेखन मी सोयीने केलंय. घडीवर दोन शब्द गेलेत, तिथे फुल्या टाकल्या आहेत.

"श्री. तीर्थरूप मातोश्रींचे सेवेसी बालके साष्टांग नमस्कार. अधिक आषाढ व॥ ५ पर्यंत येथील सर्व क्षेम. मनिआर्डर पोंचली असेल. आगबोटी बंद आहेत. अधिक मासामुळें गणपती लांबले, तोंवर सुरू होतील, तेव्हां येतों. चित्रांत जेथें ××× ××× केली आहे तेथें मी बसतों. बाजूस खिडकी आहे, वारा येतो. लोभ असावा हे विनंती."

त्या घडीचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो मिळेल का?

—

शिवडीकर

'जेथें काहीतरी केली आहे तेथें मी बसतों'... माजघर, तो शाईचा डाग!

—

माजघर

हात थरथरतोय. घडीचा फोटो टाकते आहे. खिडकीतल्या उन्हात तिरपा धरून काढलाय.

—

बोरूटाक

लागलं. 'शाईची खूण'. "चित्रांत जेथें शाईची खूण केली आहे तेथें मी बसतों."

'खूण' मधला ण घडीत अर्धा गेलाय, पण आधीचा 'शाईची' स्वच्छ आहे. शंका नाही.

—

रुपेरी_वाळू

अंगावर काटा आला.

—

पासबुक

माजघरताई, बरं झालं शिवडीकरांनी पहिल्याच प्रतिसादात थांबवलं.

—

माजघर

मी ओला कापूस तयार ठेवला होता. अजून काही लिहवत नाही. थोड्या वेळाने येते.

—

तिकीटघर

माझा अंदाज मला मागे घ्यायला हवा. बोरूटाकांनी वाचलेला 'अधिक आषाढ' बघा. अधिक महिना दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो, पण दर वेळी वेगळा. १९०२ ते १९२२ या वीस वर्षांत अधिक आषाढ एकदाच आला, शके १८३४, म्हणजे १९१२ साली. वद्य पंचमी म्हणजे जुलैचा पहिला आठवडा.

मग तिकीट एडवर्डचं कसं? राजा गेला तरी त्याची तिकिटं चालत होती. पंचम जॉर्जची तिकिटं डिसेंबर १९११ पासून यायला लागली, पण जुना साठा संपेपर्यंत कोणी फेकून देत नाही. कोणाच्या पेटीत दोन-चार तिकिटं उरलेली असणारच. मी राजाच्या मरणावर विसंबलो आणि चुकलो. पंचांग जास्त पक्कं निघालं.

फोटो मात्र १९१२ चा असेलच असं नाही. एकदा छापलेली कार्डं दुकानात वर्षानुवर्षं विकली जात.

—

आजोळघर

पत्राची अंतर्गत साक्षही जुळते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याच्या आगबोटी बंद असत, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होत. एरवी गणपतीला घरी पोचायचं म्हणजे बोट सुरू होते का नाही याची धाकधूक. अधिक महिन्यामुळे त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेले. तुमच्या पणजोबांनी जुलैतच हिशेब करून ठेवला होता की या वर्षी बोट नक्की मिळेल.

आमच्याकडे आजी सांगायची, अधिक मासात गणपती लांबले की चाकरमानी खूश आणि घरची माणसं दिवस मोजून हैराण.

—

माजघर

आले परत. आजोळघर, आमच्याकडची माणसं मुसाकाजीला नाहीतर जैतापूरला उतरायची, मग होडीने आत. लहानपणी हे इतक्या वेळा ऐकलंय, पण आज पहिल्यांदा ते एका माणसाच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं.

आत्याला फोन केला, ती ८८ वर्षांची आहे. तिने एक गोष्ट सांगितली. खापरपणजीला अक्षरओळख नव्हती. आलेलं पत्र पोस्टमन नाहीतर शेजारचे भटजी वाचून दाखवायचे.

—

प्रभूआळी

म्हणून तर खूण केली त्यांनी. मजकूर वाचायला आईला दुसरा माणूस लागणार. पण वाचणारा उठून गेल्यावर चित्रातली ती खूण तिची तिला दिसेल, हवी तेव्हा. सगळ्या फोर्टात आपला मुलगा कुठे बसतो ते तिला बोट ठेवून दाखवता येईल.

—

बोरूटाक

आणि 'वारा येतो'. मुंबईत राहणाऱ्या मुलाबद्दल आईला काळजी कसली, तर खोलीत कोंदट असेल, उकडत असेल. पाच शब्दांत त्याने ती मिटवली. मी एरवी दफ्तरातली सनदा-वतनांची मोडी वाचतो. असा मजकूर क्वचित हाती लागतो.

—

कागदी_होडी

अवांतर: त्या काळात मुंबईची वेळही वेगळी होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईकरांनी ती मनापासून घेतली नाही आणि ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' कितीतरी ठिकाणी १९५५ पर्यंत चालू राहिली. पणजोबांच्या हपिसात कुठलं घड्याळ लावलं होतं कोण जाणे.

—

पासबुक

कागदी_होडी, फोर्टातल्या बऱ्याच जुन्या लोकांच्या तोंडी 'मुंबई टायम' मी माझ्या सुरुवातीच्या दिवसांत ऐकला आहे.

मूळ मुद्द्यावर. हपीस कुठलं ते शोधता येईल. त्या वर्षांच्या टाइम्सच्या डिरेक्टरीत मुंबईतल्या कंपन्या पत्त्यांसह असत. एशियाटिकमध्ये किंवा एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात विचारा. मात्र एकेका इमारतीत पाच-सहा कंपन्या असत: विमा कंपन्या, वकील, कापसाचे निर्यातदार, मिलचे एजंट. एका खिडकीवरून एक नाव निघेल याची खात्री देता येणार नाही.

आधी खिडकी तर शोधा. येत्या शनिवारी मी फोर्टात आहे. येता का?

—

शिवडीकर

मीही येतो.

—

रुपेरी_वाळू

वृत्तांत टाकाच!

—

माजघर

शनिवारी जाऊन आलो. पासबुककाका, शिवडीकर, प्रभूआळी आणि मी. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून नेलं होतं.

कथीड्रलच्या बाजूला, फोटोग्राफर जिथे उभा असेल तिथे आधी गेलो. तिथून टाऊन हॉल दिसतच नाही. कार्डातली ती लहान झाडं आता एवढी वाढली आहेत की बागेपलीकडे फक्त पानं. कठड्याला धरून उजवीकडे सरकत गेलो तेव्हा पानांच्या फटीतून दोन खांब दिसले.

नावाचंही बोलणं झालं. काकांनी सांगितलं की बेंजामिन हॉर्निमन 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक, जालियनवाला बागेच्या सुमाराला सरकारवर कडाडून लिहीत होते, म्हणून १९१९ मध्ये इंग्रज सरकारने त्या इंग्रज माणसाला हद्दपार केलं. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नराचं नाव जाऊन त्यांचं लागलं. पणजोबांच्या तोंडी अर्थात एल्फिन्स्टन सर्कलच असेल.

मग उजवीकडची इमारत. खालच्या कमानी तश्शाच आहेत, त्यांच्या माथ्यावरची दगडी कोरीव डोकीसुद्धा. कार्डात कमानी मोजल्या, खूण टाऊन हॉलच्या टोकाकडून पाचव्या कमानीच्या बरोबर वर. प्रभूआळी भिंग घेऊन कार्डावर मोजत होत्या आणि शिवडीकर रस्त्यावरून बोटाने. दोघांचे आकडे दोनदा चुकले. एक कमान मध्ये दुकानाच्या पाटीमागे झाकली गेली होती, ती आम्ही धरलीच नव्हती. तिसऱ्यांदा जुळलं.

खिडकी आहे. लाकडी झडपा जाऊन काचा आल्यात, एका अर्ध्या भागात एसीचं खोकं बसवलंय. शनिवार म्हणून बंद असेल असं वाटलं होतं, पण आत ट्यूबलाइट चालू होती. खाली रखवालदाराला विचारलं, कार्ड दाखवलं. त्याने ते हातात घेतलं, खूण बघितली, वर बघितलं आणि म्हणाला, वर जाऊ देता येणार नाही, पण थांबा. मग त्याने वर फोन केला.

थोड्या वेळाने त्या खिडकीची दुसरी काच आतून कोणीतरी सरकवली. एक मुलगी, पंचवीस-सव्वीसची, कानात इयरफोन. तिने खाली बघून हात केला. मी कार्ड वर धरलं. एवढ्या उंचीवरून तिला काय दिसलं असेल देव जाणे, पण ती खिडकीत उभी राहिली, आमचा फोटो काढून होईपर्यंत.

साडेचार वाजले होते. ऊन टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर आलं होतं आणि समुद्राकडून वारा होता.

फोटो जोडते आहे. खूण केलेली नाही, पाचवी कमान मोजून घ्या.